गॅप ठेवला की दुसरा घुसतो? मग घुसू दे की

पत्र असं आहे:

"नमस्कार दादा, आम्ही धायरीला राहतो, माझं माहेर कराडचं. महिन्या-दीड महिन्यातून एकदा जाणं होतंच, मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि बऱ्याचदा सासूबाई. नवऱ्याचं ड्रायव्हिंग तसं चांगलं आहे, सगळेच म्हणतात, पण हायवेला लागलो की तो ट्रकच्या मागे इतका चिकटतो की मला ट्रकच्या फाळक्याचे नटबोल्ट मोजता येतात. बोललं की उत्तरं तयार. गॅप ठेवला की दुसरा घुसतो. ट्रकला थांबायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आपले ब्रेक भारी आहेत. ट्रकच्या मागे हवा लागत नाही, ॲव्हरेज वाढतं. आणि आता नवीन गाडीला एडास आहे, ती स्वतःच ब्रेक मारते. शेवटी म्हणतो एवढी भीती वाटते तर तूच चालव. मागच्या वेळी शिरवळच्या पुढे डंपरमधून खडी उडून काच तडकली, ती अजून तशीच आहे, तरी ऐकत नाही. मी उगाच घाबरते का? आणि अंतर नक्की किती ठेवायचं ते सांगा. नाव छापू नका, तो हे सदर वाचतो."

ताई, तो वाचतो हे बरंच झालं, म्हणजे तुम्हाला मधे निरोप्या व्हायला नको. तुम्ही उगाच घाबरत नाही. आणि त्याचं ड्रायव्हिंग चांगलं आहे यावरही माझा विश्वास आहे, कारण असं चिकटून चालवणारे बहुतेक जण हाताने चांगलेच असतात, गिअर, स्टेअरिंग, अंदाज सगळं व्यवस्थित, त्यामुळेच तर त्यांना वाटतं की वेळ आली तर आपण बघून घेऊ. अडचण अशी आहे की ट्रकच्या मागे बघायलाच काही मिळत नाही.

त्याचं सगळ्यात दमदार उत्तर आधी घेतो, ब्रेकचं. लोडेड ट्रकला थांबायला कारपेक्षा जास्त अंतर लागतं, खरंय, एकशे एक टक्के खरंय. पण ट्रक फक्त ब्रेक मारूनच थांबतो असं कुठे आहे? पुढे बंद पडलेला टँकर उभा असेल आणि ट्रकवाल्याचं लक्ष नसेल तर तो ट्रक जागच्या जागी थांबतो, त्याला ब्रेकबिक काही लागत नाही. आणि त्याहून जास्त वेळा काय होतं, ट्रकवाला उंच बसलेला असतो, त्याला लांबचं दिसतं, तो शेवटच्या क्षणी सटकन लेन बदलतो आणि निघून जातो, आणि तुमच्यासमोर तोपर्यंत जो फाळका होता त्याच्या जागी एकदम एक उभी गाडी येते, किंवा म्हैस, किंवा पंक्चर काढायला रस्त्यात बसलेला माणूस. आता तुमचे ब्रेक कितीही भारी असले तरी हातात किती मीटर आहेत त्यावरच सगळं. म्हणजे अंतर ठेवायचं ते ट्रक थांबेल यापेक्षाही ट्रकच्या पलीकडचं दिसावं यासाठी, हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकीची त्याची उत्तरं आपोआप ढिली पडतात.

करून बघायला सोपं आहे. ट्रकच्या मागे दहा मीटरवर असाल तर समोर काय दिसतं, हॉर्न ओके प्लीज, दोन मडफ्लॅप, ताडपत्रीची लोंबणारी दोरी, झालं. तेच साठ-सत्तर मीटर मागे या, ट्रकच्या दोन्ही बाजूंनी रस्ता उघडतो, दोन ट्रक सोडून पुढच्याचा ब्रेकलाईट दिसतो, डावीकडचा पेट्रोल पंप आणि तिथून घुसणारा ट्रॅक्टर दिसतो, वळणावर तर अख्खी रांग दिसते. आणि ट्रकवाल्यालाही तुम्ही दिसता. त्याचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर तुमची गाडी त्याच्या दृष्टीने रस्त्यावर नाहीच. तो तुमचा विचार करून ब्रेक मारणार नाही, कारण मागे कुणी आहे हेच त्याला माहीत नाही. त्यात कित्येक ट्रकांचे टेललाईट चिखलाने माखलेले किंवा एकच चालू, मग ब्रेक लागलाय हे कळणार कधी, फाळका मोठा दिसायला लागल्यावर.

आता आकडे, कारण नवरेमंडळींना आकडे लागतात. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जागरूक माणसाचाही एक सेकंद सहज जातो, दमलेला असेल तर दीड. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २२ मीटर गेले. त्यापुढे कोरडा रस्ता, चांगले टायर, पूर्ण दाबलेला ब्रेक, तरी आणखी ३५ मीटरच्या आसपास. बेरीज ५७. आणि तुमचा नवरा ठेवत असेल फार तर दोन गाड्यांचं अंतर, म्हणजे दहा मीटर धरू, ते अर्ध्या सेकंदातसुद्धा संपतं, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललाही गेला नसेल तेवढ्यात. १०० च्या स्पीडला एकूण अंतर ८० मीटरच्या पुढे जातं. आणि ज्यांना वाटतं ८० आणि १०० मधे वीसचाच फरक आहे त्यांनी लक्षात घ्या की ब्रेकचं अंतर स्पीडच्या वर्गाने वाढतं, सव्वापट स्पीड म्हणजे दीडपटीहून जास्त अंतर.

पण चालत्या गाडीत मीटर कोण मोजणार. म्हणून सेकंद मोजायचे, आणि त्यासाठी घड्याळ लागत नाही. पुढच्या ट्रकचं ढुंगण पुलाच्या सावलीवरून, पाटीखालून किंवा दगडावरून गेलं की सुरू करायचं, गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया, मिरवणुकीतल्यासारखं घाईघाईने नाही, घरी आरती झाल्यावर म्हणतो तसं शांतपणे. एवढ्याला साधारण तीन सेकंद लागतात. हे म्हणून संपायच्या आधीच तुमचं बोनेट त्या सावलीवर आलं तर तुम्ही जवळ आहात, मागे या. ८० ला तीन सेकंद म्हणजे ६६ मीटर, वरच्या ५७ शी जुळवून बघा. ही मोजणी स्पीड कमी-जास्त झाला तरी चालते, कारण स्पीड वाढला की तेवढ्याच सेकंदात अंतरही आपोआप वाढतं. पावसात, रात्री, मागे लोड असेल तर दोनदा म्हणायचं. ट्रकच्या मागे तीन सेकंद हे कमीत कमी, चार असतील तर मला जास्त आवडेल.

मग दुसरा घुसतो. हो, घुसतो, पुण्यात तर स्कूटरच्या हँडलएवढी जागा दिसली तरी घुसतात. पण हिशोब करू. एक जण घुसला की तुम्ही पुन्हा तीन सेकंदांचा गॅप करायला मागे येता, म्हणजे तुमचं नुकसान झालं तीन सेकंदांचं. धायरी ते कराड साधारण १६० किलोमीटर, समजा तीस जण घुसले, दीड मिनिट. दीड मिनिट! खेड शिवापूरच्या टोलला फास्टॅग एकदा नीट स्कॅन झाला नाही तर यापेक्षा जास्त जातं. शिवाय घुसणारे बहुतेक तिथे थांबतच नाहीत, त्यांनाही ट्रक ओलांडायचा असतो, ते पुढच्या मिनिटाला निघून जातात आणि गॅप परत तुमचाच. राग वेळेचा नसतो खरं तर, राग असतो तो आपल्यापुढे गेला याचा, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

ॲव्हरेजचं थोडक्यात. ट्रकच्या मागे हवेचा विरोध कमी होतो हे खोटं नाही, पण चांगला फायदा हवा तर अगदी धोक्याच्या अंतरात शिरावं लागतं. कराडपर्यंत नऊ-दहा लिटर पेट्रोल जात असेल, त्यातलं पाच टक्के वाचलं म्हणून धरू, अर्धा लिटर, पन्नासेक रुपये. ती तडकलेली काच बदलायला किती सांगितले ते विचारा त्याला.

एडासवर, म्हणजे कॅमेरा-रडारने रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टीमवर, भरवसा ठेवण्याआधी गाडीसोबत आलेलं मॅन्युअल उघडा, ते जाडजूड पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकमधेच असेल अजून. त्यात कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं की उभ्या गाड्या, मुसळधार पाऊस, धुकं, विचित्र आकाराचा लोड अशा वेळी सिस्टीम ओळखेलच असं नाही आणि जबाबदारी ड्रायव्हरची. उसाने भरलेली ट्रॉली किंवा बाहेर आलेल्या सळया हा विचित्र आकारच झाला. अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत गाडी स्वतःच स्पीड कमी-जास्त करते ते, वापरत असाल तर त्यात गॅपची सेटिंग असते, ती सगळ्यात मोठ्यावर ठेवा, हा मात्र त्याचा खरा फायदा आहे, मशीनला घुसणाऱ्याचा राग येत नाही.

एक गोष्ट लिहावी की नको असं वाटत होतं पण लिहितो. कारला कार मागून धडकली तर बंपरला बंपर लागतो, पुढचा भाग चेपतो, एअरबॅग उघडते, गाडी त्यासाठीच तशी बनवलेली असते. ट्रकच्या मागे तसं होत नाही. ट्रकची बॉडी तुमच्या बोनेटच्या वर असते, म्हणून बोनेट खाली शिरतं आणि पहिला दणका काचेवर बसतो, डोक्याच्या उंचीला. यासाठीच ट्रकच्या मागे खाली एक आडवा बार लागतो, जमिनीपासून जास्तीत जास्त ५५ सेंटीमीटरवर. पण पुढच्या वेळी चाकणच्या किंवा सोलापूरच्या रस्त्याला लागाल तेव्हा बघा, किती डंपरांचा तो बार शाबूत आहे. वाकलेला, वर उचललेला, दोरीने बांधलेला, किंवा नाहीच. १४ ऑगस्ट २०२२ ला पहाटे शिवसंग्रामचे नेते विनायक मेटेंची गाडी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ट्रकला धडकली आणि त्यात ते गेले, ती काही छोटी गाडी नव्हती, मोठी एसयूव्ही होती. तेव्हा आपली गाडी दणकट आहे हे उत्तर इथे कामाचं नाही. आणि मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगी, दोघींचा बेल्ट लागलाच पाहिजे, सासूबाईंना साडीवर टोचतो वगैरे ऐकायचं नाही.

रात्रीचं गणित थोडं वेगळं. रात्री चिकटून चालवण्यापेक्षा मोठी भानगड ही की पुढचे दोन लाल दिवे चालते आहेत की उभे हेच कळत नाही. डोळा दिव्याच्या मागे जातो, माणूस त्याच्याकडेच गाडी नेत राहतो. ओळखायची खूण एकच, दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसलं तर तुम्ही त्याच्यावर चालून जाताय, पाय लगेच उचला. तुम्ही ९० ला आणि चढावरचा लोडेड ट्रक ३० ला असेल तर शंभर मीटरचं अंतर सहा सेकंदात संपतं. त्यात तुमचा रस्ता सातारा-कराडचा, कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस एवढा बाहेर आलेला की असलेला दिवाही झाकलेला. गळीत हंगामात अंधार पडायच्या आत कराड गाठलेलं बरं, माहेरी चार तास जास्त मिळतील ते वेगळंच.

खंबाटकी घाटाच्या चढावर रांग थांबली तर पुढच्या ट्रकची मागची चाकं रस्त्याला टेकलेली तुम्हाला तुमच्या सीटवरून दिसली पाहिजेत, तेवढं मागे थांबायचं. लोडेड ट्रक चढावर सुटताना हातभर मागे येतोच, कधी क्लीनर चाकामागे लाकडी ओट लावायला उडी मारून उतरतो, आणि हॉर्न वाजवून त्याचं काही होत नाही. पावसात अजून सोपी खूण आहे, ट्रकच्या चाकांचा चिखलाचा फवारा काचेवर येऊन वायपर फास्ट करावा लागला म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. फवाऱ्याच्या बाहेर येईपर्यंत मागे यायचं. डंपरच्या खडीलाही तेच औषध.

ओव्हरटेकसुद्धा लांबूनच चांगला होतो हे लोकांना पटत नाही. चिकटून असलात तर बघायला आधी अर्धी गाडी बाहेर काढावी लागते. मागून रस्ता मोकळा दिसला की तिथूनच लेन बदला, स्पीड धरा, आणि ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका. त्याने इंडिकेटर दिला म्हणजे जा म्हणतोय असं तर अजिबात समजू नका, तो वळत असू शकतो. आणि ओलांडल्यावर लगेच त्याच्यापुढे कट मारायचा नाही. त्याच्यापुढे जी मोकळी जागा दिसते ना ती त्याच्या ब्रेकची जागा आहे, ट्रकला थांबायला जास्त अंतर लागतं हे तुमचा नवराच म्हणतो ना, मग ते त्याच्यापुढे घुसतानाही आठवायला हवं.

हे सगळ्यात जास्त कुठे लागू पडतं तर तुमच्या घराजवळच. कराडहून परत येताना नवीन कात्रज बोगदा सोडला की दरी पुलावरून नवले पुलापर्यंत सलग उतार. तिथे अवजड गाड्या ब्रेक तापवत, कुणी डिझेल वाचवायला न्यूट्रलमधे, उतरत असतात. २० नोव्हेंबर २०२२ ला एका गाडीने पुढच्या कितीतरी गाड्या उडवल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मधे तर एक कार दोन अवजड गाड्यांच्या मधे सापडून आग लागली. तुम्ही धायरीचे, तुम्हाला मी काय सांगणार. तिथे पुढच्यापासून अंतर ठेवायचं कारण वेगळं आहे, मागून कुणी आलं तर तुम्हाला निसटायला जागा हवी. रांग थांबताना दिसली की आधीपासून हळू व्हा, हझार्ड लावा, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, पुढच्या ट्रकला जाऊन चिकटू नका, थांबलात तरी एक डोळा आरशात आणि स्टेअरिंग मोकळ्या बाजूला. पुढे ट्रक मागे ट्रक असं सँडविच होतंय असं वाटलं तर लेन बदला, दोन मिनिटं उशीर झाला तर घर तिथेच आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो, कधी भांडण झालं तर उपयोगी. २०१७ च्या मोटर व्हेईकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समधे आहे की पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्याने ठेवायचं. त्यामुळे तो अचानक थांबला हे कारण सांगून मागचा सहसा सुटत नाही.

आता त्याला सांगायचं कसं. गाडी ट्रकच्या मागे असताना, तुमचा पाय आपोआप खालचं मॅट दाबत असताना, "अरे हळू!" असं ओरडू नका. एक तर त्याला स्पीडवर टीका वाटते आणि प्रश्न स्पीडचा नाहीचे, ८० ला चालव पण मागे राहून चालव. दुसरं, मागे आई बसलेली असताना बायकोचं ऐकून गाडी हळू करायची हे आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांना जमत नाही, चूक आहे पण आहे. त्यापेक्षा निघायच्या आधी, पार्किंगमधे, गाडी बंद असताना सांगा. "मला पुढचं काही दिसत नाही, दिसेल एवढा मागे राहा," एवढंच. मोरयाचं काम मुलीला द्या, सहा वर्षांची आहे, ती आवाज चढवून म्हणेल आणि तिच्यावर त्याला चिडता येणार नाही.

आणि तो म्हणतो ना तूच चालव, तर चालवा. टोमणा म्हणून नाही, खरंच. लायसन्स असेल तर रविवारी सकाळी लवकर, खेड शिवापूरच्या टोलच्या पुढे गाडी बाजूला घ्या आणि शिरवळपर्यंत तुम्ही चालवा, तो डावीकडे. तुम्ही तीन-चार सेकंद ठेवूनच चालवा, कोण घुसतंय घुसू दे. गाडी चालवणाऱ्याला हातात स्टेअरिंग असतं म्हणून भीती वाटत नाही, शेजारी बसून त्याला जो रस्ता दिसेल तो त्याने बहुतेक कधी पाहिलेलाच नाही. लायसन्स आहे पण हात बसलेला नसेल तर आधी नवले पूल ते वारजे असल्या गोंधळात नका शिकू, हायवेची सवय असलेला कुणी सोबत घेऊन मोकळ्या पट्ट्यात करा.

काचेचं राहिलं. खडीचा टवका नाण्यापेक्षा छोटा असेल आणि चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसेल तर काचवाले रेझिन भरून देतात, पण तुम्ही तडकली म्हणताय म्हणजे रेघ गेली असेल, ती खड्ड्यांनी आणि एसीने वाढत जाते, बदलूनच घ्या. कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्शुरन्समधे काचेवर घसारा कापत नाहीत, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, तेव्हा दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा. आणि तुमच्या गाडीला एडास आहे, त्याचा कॅमेरा आरशाच्या मागे त्याच काचेला असतो, काच बदलली की तो परत कॅलिब्रेट करावा लागतो. बाहेरच्या दुकानात स्वस्तात बसवताना हे बरेचदा राहून जातं, तेव्हा पैसे द्यायच्या आधी बिलात कॅलिब्रेशन लिहिलंय का ते बघून घ्या.